दुसरं माणूस हवं आहे

जाहिरात मीच लिहिली होती. "घरोघरी जाऊन आजारी आणि वृद्ध माणसांची सेवा करायला माणूस हवं आहे. काम शिकवू. स्वभाव मात्र घरून आणावा." खाली कात्रीने कापून बारा पट्ट्या लोंबत्या सोडल्या होत्या, प्रत्येकीवर मी चालवते त्या सेवा केंद्राचा फोन नंबर. एक कागद वाण्याच्या दुकानात, एक दवाखान्यात, एक पेट्रोल पंपावर. पंधरा दिवसांनी फिरून बघितलं तर छत्तीस पट्ट्यांतली एकच फाटलेली. ती वाण्याने दात कोरायला घेतली होती.

"कागद चांगला जाड वापरता हो," तो म्हणाला.

"चार चांगल्या माणसांना सांगा की माझ्या कामाचं," मी म्हटलं.

"बाई, चार चांगली माणसं गावात उरली असती तर मीच दुकानात नसती का ठेवली?"

खरं होतं त्याचं. ज्यांना चालता येत होतं ती माणसं गावातून चालू लागली होती, आणि ज्यांना चालता येत नव्हतं ती सगळी माझ्या यादीवर होती. एकोणीस जण. त्यांच्याकडे जायला चार मदतनीस होत्या, त्यातली एक गेल्या महिन्यात शहरातल्या इस्पितळात लागली. मीच तिला फुलं दिली, फोटो काढला, आणि मग केंद्राच्या मोरीत जाऊन पाच मिनिटं रडले. उरल्या तीन. बाकीच्या अठरांकडे एकेकटीने जाऊन भागत होतं. शिवणवाल्या ताईंकडे भागत नव्हतं.

ताई आमच्या गावच्या शिंपीण. पन्नास वर्षं गावाचे कपडे शिवले. दोन वर्षांपूर्वी अर्धांग झालं, उजवी बाजू गेली. वजन नव्वद किलो, जीभ शाबूत. त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायला आमच्याकडे एक यंत्र आहे: चाकांवरचा लोखंडी दांडा, त्याला झोळी. ताई त्याला 'माझा पाळणा' म्हणतात. पाळण्याला माणसं दोन लागतात. एक दांडा चालवणारं, एक मान आणि मेलेला हात सांभाळणारं. एकट्याने करायचा प्रयत्न मी केला होता, वर्षापूर्वी, एका सकाळी मदतनीस आली नाही तेव्हा. ताईंना काही झालं नाही. माझ्या पाठीतली चकती सरकली ती सरकलीच. आता माझ्या नावापुढे आमच्या जिल्हा कार्यालयात लिहिलेलं आहे: उचलण्यास अपात्र. माहेरी, सासरी, कुठेही मला इतक्या स्वच्छ अक्षरांत कोणी अपात्र ठरवलं नव्हतं.

ताईंच्या घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वय अडुसष्ट, पण ताई त्याला अजून 'धाकट्या' म्हणतात, म्हणून सगळं गावच म्हणतं. धाकट्याची नजर गेली दहा वर्षं हळूहळू जात जात पूर्ण गेली. दोघांनीही लग्न केलं नाही. तिच्यासाठी, असं तो म्हणतो. त्याच्यासाठी, असं ती म्हणते. आता त्या घराची रीत अशी की ताई पलंगावरून बघतात आणि धाकट्या चालतो.

"दोन पावलं. अजून एक. आता थांब. वाकू नकोस, कपाट आहे. अरे वाकू नकोस म्हटलं ना, मग वाकलास का?"

"कपाट आहे का ते बघत होतो."

"डोक्याने?"

अशा आज्ञांवर तो दूध तापवतो, औषधाच्या गोळ्या काढतो, ताईंच्या शिवणयंत्राला दर आठवड्याला तेल देतो. त्या यंत्रावर आता कोणी शिवत नाही. पण तेल चुकलं तर ताईंना आवाज न करताही ते कुरकुरताना ऐकू येतं म्हणे.

चौथी मदतनीस गेल्यावर कार्यालयातून पत्र आलं. दोन नोंदलेली माणसं नसतील तर रुग्णाला घरी ठेवणं धोक्याचं. सोमवारी सकाळी साडेसातला तपासनीस प्रत्यक्ष उचलणं बघतील. दोन माणसं दिसली नाहीत तर रुग्णाला शहरातल्या रुग्णनिवासात हलवण्यात येईल. शहर इथून चार तास. मी फोन करून विचारलं, भावाचं काय? पलीकडची मुलगी बिचारी फॉर्म चाळून म्हणाली, "त्यांना फक्त दिसत नाही ना? हातपाय चालतात. मग ते बसत नाहीत आमच्या यादीत."

पत्र मी ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि छताकडे बघत राहिल्या. धाकट्या दारात उभा होता. तो म्हणाला, "बाई, मला घरात कपाट कुठे आहे ते ही ओरडते म्हणून कळतं."

तेव्हा सोमवारला अकरा दिवस होते.

माझी माणसं पारखायची एक पद्धत आहे. कोणी शिकवलेली नाही. माझ्या सासूला मी सहा वर्षं भरवलं, आणि ती मला न पटलेला प्रत्येक घास थुंकून शिकवत गेली. तेच माझं विद्यापीठ. कामाला आलेल्या माणसाला मी प्रमाणपत्रं विचारत नाही. खुर्चीत मागे रेलते, डोळे मिटते, अर्धं तोंड लुळं सोडते, आणि म्हणते, "टेबलावर लापशीची वाटी आहे. मला भरवा." वाटी संपेपर्यंत माणूस कळतं. घाईचं माणूस चमचा दातांवर आपटतं. किळस येणारं माणूस चमच्याच्या अगदी टोकाला धरतं, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं. मायेचं पण बिनडोक माणूस "आ करा, आ करा" म्हणत बोलत राहतं आणि गिळायला वेळच देत नाही. त्या अकरा दिवसांत तिघं आली. पहिली मुलगी मला डोळे मिटून रेललेली बघून घाबरून बाहेर पळाली आणि तिने वाण्याला सांगितलं की केंद्रवाल्या बाईंना झटका आलाय. वाणी धावत आला, हातात ग्लुकोजचा पुडा. दुसऱ्याने हनुवटीवर सांडलेली लापशी चमच्याने खरवडून पुन्हा तोंडात घातली, भिंतीला गिलावा करतात तशी. तो गवंडीच होता. तिसरीचा हात चांगला होता, पण वाटी संपेपर्यंत तिच्या नवऱ्याचे चार फोन आले, आणि पाचव्याला ती उठून गेली.

गुरुवारी दुपारी दारात पावणेसात उभा राहिला.

पावणेसात म्हणजे आमच्या बसचा चालक. डोंगरावरच्या वरच्या वस्तीतून सकाळी सव्वासहाला निघणारी बस आमच्या गावात पावणेसातला येते, पंधरा मिनिटं थांबते आणि मोठ्या गावाला जाते. दुपारी साडेचारला परत येते, पुन्हा पंधरा मिनिटं थांबते आणि वर जाते. बसला गाव पावणेसात म्हणतं, आणि तिच्या चालकालाही. पन्नाशीचा, रुंद, अबोल माणूस. रात्री बस वरच्या वस्तीत मुक्कामाला, म्हणून तोही तिथेच खोली करून राहायचा. खिशातून त्याने माझ्या जाहिरातीची पट्टी काढली. पेट्रोल पंपावरची होती.

"जागा आहे का अजून?" तो म्हणाला.

"आहे. पण तुमची गाडी?"

"आधी बघा तरी मला येतंय का."

मी रेलले, डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला. तो उभ्याने भरवणार नव्हता, माझ्या तोंडाच्या पातळीला बसत होता. एक डोळा किलकिला करून बघितलं. तो लापशीचा थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून गरम किती ते बघत होता. मग म्हणाला, "कुठल्या बाजूने गिळता?"

वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी डावीकडे बोट दाखवलं. चमचा डावीकडून आला. ओठाला टेकला आणि थांबला. मी गिळलं. त्याने वाट बघितली, माझा घसा खाली जाऊन वर आला ते बघितलं, आणि मगच दुसरा. वाटी संपली तेव्हा मी डोळे उघडायला तयार नव्हते, कारण ते भरले होते.

"कुठे शिकलात?"

"बायको तीन वर्षं पलंगावर होती. गेली. त्यानंतर हाताला स्टिअरिंगशिवाय काही नाही. गाडीत आठ माणसं चढतात, आठही झोपतात." मग जरा थांबून, "पण मी सोडली तर गाडीचं—"

"ते कंपनी बघेल," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे वरून येणाऱ्यांना—"

"अहो, एवढी मोठी कंपनी, दुसरा चालक पाठवेल. तुम्ही कुठे जन्मभराचा ठेका घेतलाय? कधीपासून येता? सोमवारी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मला कोणी विचारलं की तुमच्या लक्षात कसं नाही आलं, तर माझ्याकडे उत्तर नाही. लक्षात आलं होतं. त्याचं वाक्य अर्धं कुठे चाललं होतं ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं, आणि मी त्याच्या तोंडासमोर दार लावलं होतं.

शुक्रवारी मी त्याला ताईंकडे नेलं. ताईंना आजवर बाईमाणसाशिवाय कोणी हात लावलेला नव्हता.

"पुरुष आहे," मी म्हटलं.

"दिसतंय," ताई म्हणाल्या. "धाकट्यालाच फक्त दिसत नाही. इकडे या हो. पन्नास वर्षं मी पुरुषांची मापं घेतली. आता एकाने माझं घेतलं तर काय बिघडलं?" आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून, "खांदा वीस इंच. उजवा जरा खाली. स्टिअरिंगमुळे."

शनिवारी आणि रविवारी बसला सुट्टी असते. पण शनिवारी मी स्वतः गाडी काढून वर गेले आणि सुताराच्या बायकोला घेऊन आले. सुतारीण ही माझी सगळ्यांत तयार मदतनीस. राहते वरच्या वस्तीत, चौदा किलोमीटरवर, आणि रोज बसने येते. ताईंना उचलण्यातलं पहिलं माणूस तीच; उरलेल्या दोघी सकाळभर बाकीच्या घरी फिरत. पावणेसातची पथारी मी केंद्राच्या मागच्या खोलीत घातली. दोन दिवस त्या दोघांनी यंत्रावर सराव केला. आधी वाळूच्या गोण्या, मग मी, मग ताई. ती "एक, दोन" म्हणायची आणि तीनला तो दांडा असा उचलायचा की झोळीला हिसका म्हणून नाही. रविवारी ताई खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आज माझं पोट पाठीत गेलं नाही." धाकट्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली, वाण्याचाही वाटा काढून ठेवला.

संध्याकाळी सुतारणीला वर सोडताना मी म्हटलं, "उद्या वेळेवर ये गं बाई."

"मी कसली वेळेवर येते?" ती हसली. "गाडी येते, मी तिच्यात असते."

मीही हसले.

सोमवारी साडेसहाला मी आणि पावणेसात ताईंच्या घरी पोचलो. त्याने नवा पांढरा सदरा घातला होता. रात्रीचं अंथरूण ओलं होतं, नेहमीसारखंच. सकाळी उचलल्यावर बदलायचं. "थोडा दम धरा ताई, सुतारीण आली की लगेच," मी म्हटलं. पावणेसात झाले. रस्त्यावर बसचा आवाज आला नाही. सहा पन्नास. मी पावणेसातकडे बघितलं. तो खिडकीतून रस्त्याकडे बघत होता.

फोन वाजला. सुतारीण.

"बाई, अहो पावणेसात आलाच नाही आज!"

"पावणेसात माझ्यासमोर उभा आहे," मी म्हटलं.

मग ती हळूच म्हणाली, "अगं बाई."

त्याने कंपनीला चिठ्ठी दिली होती, कंपनीने "बघू" म्हटलं होतं. "रविवारी फोन लागला नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही म्हणालात म्हणजे..." माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मी माझ्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. तो पळतच गेला. डोंगराच्या रस्त्याने जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. घड्याळात मिनिटं होती पस्तीस.

तपासनीस बाई साडेसातला आल्या, ठोक्याला. माझ्याच वयाच्या, बुटांना चिखल, हातात जाड फाइल. चेहऱ्यावरून वाईट वाटल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. वाईट माणसाशी भांडता येतं.

"दोन माणसं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"वाटेत आहेत."

"दोघंही?"

"एक दुसऱ्याला आणायला गेलंय."

त्यांनी ते लिहिलं नाही, पण पेनचं टोपण काढलं. धाकट्याने त्यांच्यासाठी खुर्ची आणली आणि त्यांच्या जागी कपाटाला "बसा" म्हणाला. ताईंनी त्याला हाक मारली नाही, चूक दाखवली नाही. तेव्हा मला कळलं की त्यांना त्रास होतोय. मी चादर उचलून बघितली. लघवीने कातडी लाल झाली होती. मी कमरेत वाकले, त्यांना कुशीवर घ्यायला हात घातला.

"तुम्ही हात लावायचा नाही," तपासनीस म्हणाल्या. "तुमचं नाव माझ्याकडे आहे. पाठ."

"मग तुम्ही लावा."

"मी नोंदलेली नाही. माझ्या हातून काही झालं तर..." त्या थांबल्या. "मला तसा अधिकार नाही हो."

पावणेआठ. पाच कमी आठ. यंत्र कोपऱ्यात उभं होतं, झोळी रिकामी. ताईंनी डोळे मिटले होते. मग तशाच मिटल्या डोळ्यांनी बोलल्या, अर्ध्या तोंडाने, सावकाश.

"खोलीत तीन माणसं. सहा हात. आणि मी ओली."

धाकट्या पलंगाच्या दिशेने निघाला आणि मधल्या स्टुलाला अडखळला. कोणी त्याला "स्टूल आहे" म्हटलं नव्हतं. तो खालीच बसला, स्टुलाचा पाय धरून, आणि म्हणाला, "ताई, सांग ना. तू सांग, मी उचलतो. तू नुसतं सांग कुठे धरायचं."

"तुझ्याने होणार नाही रे धाकट्या."

"तू सांगून तर बघ."

इतकी वर्षं हे काम करतेय. माणसं मरताना बघितली, पण एवढं हताश मला कधी वाटलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाला ढकलता आलं असतं तर मी अपात्र पाठीने ढकललं असतं. आणि डोक्यात एकच वाक्य: ते कंपनी बघेल. माझ्याच आवाजात, पुन्हा पुन्हा.

तपासनीस बाईंनी फाइल खिडकीत ठेवली. अंगातला कोट काढला, तो शिवणयंत्रावर टाकला. "कोरडा टॉवेल आहे का?" मी दिला. "मी उचलणार नाही," त्या स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या. "नुसता सरकवते." मी कडेने कसं सरकवायचं ते सांगत गेले, त्या सरकवत गेल्या, कोपरापर्यंत हात ओले करून. मग दुसरा टॉवेल. मग त्यांनी मोरीत जाऊन हात धुतले, कोट घातला, फाइल घेतली. यातलं एक अक्षर त्यांनी लिहिलं नाही.

आठ वाजून बारा मिनिटांनी गाडी दारात थांबली. सुतारीण पायरीवरूनच बाह्या वर करत आली, मागून तो. झोळी सरकली, आकडे अडकले, तिने मान धरली. "एक, दोन." ताई पलंगावरून अलगद वर आल्या, मध्ये क्षणभर तरंगल्या, आणि खुर्चीत उतरल्या. दूध उतू न जाता भांडं चुलीवरून उतरावं तशा. सुतारणीने धुतलं, पुसलं, मलम लावलं. तपासनीस बघत होत्या. बघताना त्यांचा स्वतःचा श्वासही तीनला खाली आला, ते मी बघितलं.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं उचलणं मी शहरातही बघितलेलं नाही." आणि फाइलमध्ये लिहिता लिहिता, मान वर न करता, "उद्या या कशा येणार?"

मी रोज आणीन म्हणायला तोंड उघडलं. पण सकाळी सव्वासहा ते आठ मी रस्त्यावर राहिले तर बाकीच्या अठरांच्या घरी कोणाला पाठवायचं, कोणाचं औषध, कोणाचा फोन, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि तोंड मिटलं.

पावणेसात म्हणाला, "मी गाडीवर परत जातो."

"मग दुसरं माणूस?" तपासनिसांनी विचारलं.

"गाडी इथे पंधरा मिनिटं थांबते. हिला घेऊन येतो, गाडी इथे दारात लावतो, उचलतो, जातो. संध्याकाळी साडेचारला परत फिरते, तेव्हा पलंगावर ठेवतो."

"कंपनीची परवानगी?"

"त्या पंधरा मिनिटांत मी चहा पितो, एवढंच कंपनीला माहीत आहे."

"साडेचारला?" ताई म्हणाल्या. "म्हणजे मी शाळेतल्या पोरांच्या आधी झोपायचं?" मग कोणी हसायच्या आत, "झोपेन. चालेल. लिहा हो तुम्ही."

तपासनीस बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. कागद फाडून माझ्या हातात दिला. "पंधरा दिवस. हे मी माझ्या जबाबदारीवर देतेय, आणि ती फार मोठी नाही. पंधराव्या दिवशी पूर्ण वेळ, नोंदलेलं, दुसरं माणूस. नाहीतर शहरातून गाडी येईल." दारात धाकट्या उभा होता. त्याच्या खांद्याला हात लावून त्या म्हणाल्या, "काका, डावीकडे पायरी आहे." "माहीत आहे," तो म्हणाला. "ती माझी पायरी आहे."

कंपनीने पावणेसातचा राजीनामा उघडलाही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी बस ताईंच्या दारात उभी राहू लागली. इंजिन चालू, आत आठ माणसं, काचांवर वाफ. पंधराची कधी वीस मिनिटं व्हायची. पहिले दोन दिवस माणसं झोपेतच राहिली. तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू झाली. धाकट्या भिंत चाचपत बसपाशी जायचा आणि दारात उभा राहून म्हणायचा, "पाच मिनिटं. ताईची मान सरळ करतायत." रोज नवं कारण सांगावं असं त्याला वाटायचं नाही. बसच्या आत, चालकाच्या पाठीमागे, मी नवी जाहिरात लावली. पट्ट्या दाट कापल्या. एकही फाटली नाही.

आठव्या दिवशी लापशी चुलीवर जरा लागली म्हणून उशीर झाला. ताई खुर्चीत बसल्या होत्या, सुतारीण चादर बदलत होती, पावणेसात झोळी काढत होता, मी वाटी घेऊन उभी. तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. चाळिशीची, खांद्याला पिशवी, नाक थंडीने लाल. बसमधली, मागच्या बाकावरची.

"अहो चालक! आम्हाला कामं आहेत की नाहीत? माझी शिफ्ट लागते सव्वाआठला, मुकादम दारात घड्याळ घेऊन..." मग तिला ताई दिसल्या. झोळी दिसली.

"जरा धरता?" मी म्हटलं, आणि वाटी तिच्या हातात दिली.

खरंच, ठरवून नाही. म्हणजे अर्धं ठरवून. तिने वाटीकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. पिशवी खांद्यावरून उतरवून पायाशी ठेवली. स्टूल ओढलं, बसली. चमच्यावर फुंकर घातली. आणि चमचा ताईंच्या डाव्या बाजूने गेला, न विचारता, कारण उजव्या गालाची सुरकुती तिने बघून घेतली होती. ओठाला टेकला. थांबला. ताईंचा घसा खाली जाऊन वर आला, आणि मग दुसरा.

पावणेसातने झोळीची घडी अर्धवट सोडली. सुतारणीने माझ्याकडे बघितलं. ताईही माझ्याकडे बघत होत्या, घास गिळता गिळता. पन्नास वर्षं कापड हाताने पारखलेली बाई. तिला कळायचं राहिलं नव्हतं. धाकट्याला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. तो दारातूनच म्हणाला, "काय झालं? सगळे गप्प का?"

शहराच्या गाडीला सात दिवस होते. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: शिकवू, कपडे देऊ, मुकादम नाही, घड्याळ नाही, कधीपासून येता, उद्या? दात मिटून मी ते आत ठेवलं. मोठ्या मुश्किलीने दुसराच प्रश्न काढला.

"बाई, तुम्ही इथे कामाला आलात, तर तिथे कोणाचं अडेल?"

तिला प्रश्न समजला. तिसरा चमचा भरता भरता ती म्हणाली, "कारखान्यात कोणाचं काही अडत नाही. तिथे माझ्यासारख्या साठ आहेत." मग ताईंची हनुवटी बोटाने पुसून, "घरी आई आहे. अशीच. सकाळी सहाला भरवून, तिला भिंतीकडून उशी लावून निघते, ती संध्याकाळी पाचला परत. मधे अकरा तास ती एकटी असते. मी शेजारच्यांना सांगत नाही, लाज वाटते."

"गाव कुठलं तुमचं?"

"वरची वस्ती. सुताराच्या घरामागे."

"अगं!" सुतारीण म्हणाली. "मला कधी बोलली नाहीस ती?"

"तू गाडीत झोपलेली असतेस."

माझ्या यादीवर एकोणीस होते. आता वीस झाले. माणूस मिळवायला निघाले होते आणि एक पलंग मिळवून बसले. मी वाटी परत घ्यायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "अजून आहे खाली."

बाहेर बसचा हॉर्न वाजला; आतल्याच कोणीतरी वाजवला असणार. पावणेसात जागचा हलला नाही. धाकट्या भिंत चाचपत बाहेर गेला आणि आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला, शांत, जाहीर केल्यासारखा.

"वाटी संपतेय. वाटी संपली की निघेल."